दादाचं दगडी स्टेशन

माणूस गेला की दारात भेटायला येणाऱ्यांच्या चपला साचतात. चपला गेल्या की किस्से उरतात. आमच्या दादाला जाऊन तीन महिने झाले. तेराव्यापर्यंत जो यायचा तो आधी डोळे पुसायचा, मग चहा आला की म्हणायचा, “पण एकदा काय झालं माहितीये का...” आणि सगळे हसायचे! मला राग यायचा. एकाला तर मी हाताला धरून बाहेर काढलं. वहिनी म्हणाली, “भावजी, बसू द्या त्यांना. तेवढा वेळ हे घरात असल्यासारखं वाटतं.”

तेव्हापासून मीच किस्से गोळा करतो. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. किश्शांत नाहीत.

दादा रेल्वेत सांधेवाला होता. म्हणजे सांधे बदलून गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर घालणारा. आमचं स्टेशन लोणावळा लाइनवरचं, इंग्रजांच्या वेळचं. काळा दगड, सागवानी तुळया, वर कौलं, पुढे लोखंडी खांबांचा व्हरांडा. बासष्टच्या सुमारास आजूबाजूला कंपन्या यायला लागल्या आणि दर शिफ्टला फलाटावर जत्रा भरू लागली. स्टेशन पुरेना. सगळ्यांचं एकमत झालं : हे पाडा, मोठं बांधा. फक्त एका सांधेवाल्याचं मत वेगळं होतं.

* * *

रेल्वेची एक रीत आहे. मोठा साहेब तपासणीला येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला रंग लावायचा. झाडांच्या बुंध्यांना गेरू, बादल्यांना लाल, भिंतींना चुना. दगडी भिंतींनाही चुना!

साहेब येऊन गेला की दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून दादा बादली आणि काथ्या घेऊन भिंत धुवायला बसायचा. दर वर्षी. आमचे स्टेशनमास्तर मोठे शिस्तीचे. खोटं बोलायचं नाही, गाडी लेट असेल तर मिनिटासकट लेट सांगायचं. ते खुर्चीतून ओरडायचे, “अरे, दगड धुऊन गोरा होणार आहे का?”

दादा म्हणायचा, “गोरा तुमी केलाय, सायेब. मी काळा करतोय.”

* * *

एकदा युनियनचे एक पुढारी फलाटावर भाषणाला आले. शिफ्ट सुटलेली, गर्दी तुफान, वैशाखाचं ऊन. पुढारी गरजले, “ही इमारत म्हणजे गुलामीची खूण आहे! हिचा दगडन् दगड उखडून टाकला पाहिजे!”

टाळ्या पडल्या. उन्हाने पुढाऱ्यांना घाम फुटला. बोलता बोलता ते एकेक पाऊल मागे सरकत व्हरांड्यात आले. लोकही सरकले. शेवटची दहा मिनिटं गुलामीचा निषेध गुलामीच्याच सावलीत झाला.

भाषण संपल्यावर दादाने त्यांना माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, “गार हाय का जागा?”

“झकास आहे हो!”

“आमच्या पणज्यानं बांधलीय. दगड त्यानं डोक्यावरून आणलं. इंग्रज नुसता छत्री धरून हुबा व्हता.”

पुढाऱ्यांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि येईल त्या गाडीने गेले.

* * *

हा किस्सा माझा आहे, तो मलाच सांगावा लागणार.

मी पिंपरीला कंपनीत लागलो तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी दादाचा डबा घेऊन रहाटणीच्या घरून सायकलवर स्टेशनला गेलो, तर छपरावर दोन माणसं कौलं उतरवत होती! माझं डोकं फिरलं. पाडायला आले, दुसरं काय? मी शिडी काढली, खांद्यावर घेतली आणि रुळापलीकडच्या झुडपात फेकून दिली. वरून ते बोंबलतायत, खालून मी दगड दाखवतोय. “कौलं परत लावा, मगच खाली उतरा!”

त्यांनी घाबरून कौलं परत लावली. तासाभराने मास्तरांनी शिडी आणवली. माणसं उतरली ती थेट पुण्याची गाडी पकडून गेली.

दादा आला तेव्हा कळलं. छप्पर गळत होतं. ते दुरुस्त करा म्हणून दादा तीन वर्षं अर्ज करत होता. ते दुरुस्तीवाले होते!

दोन दिवस त्याने माझ्या हातून डबा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाला, “तुझ्यासारखं आजून दोन भाऊ असतं ना, तर स्टेशन पाडायला सरकारला मान्सं लावावी लागली नसती.”

* * *

आता पुढचा. हा मी तीन महिने कुणाला सांगितला नव्हता.

स्टेशन पाडायचा कागद वर गेला. दादाने उलटा अर्ज केला, की इमारत जुनी आहे, राखण्यासारखी आहे, एकदा डोळ्यांनी येऊन बघा. आणि काय आश्चर्य, उत्तर आलं! साहेब येणार, इमारत खरंच तेवढी जुनी आहे का ते बघणार, मग ठरवणार.

नेमकी तेव्हाच दादाला कावीळ झाली. पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं. जाताना मला म्हणाला, “सायेब यायच्या आत स्टेशन नीट करून ठेव.”

नीट म्हणजे झाडून-पुसून, हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच : साहेब येणार म्हणजे रंग! साधा चुना नको, दादाच्या स्टेशनला भारी रंग पाहिजे. कंपनीतल्या रंगखात्यातला मित्र म्हणाला, “भावा, उरलेले डबे पडलेत, ने.” मशीनला मारतात तो फिका हिरवा ऑइलपेंट. मी, स्टेशनवरचा सखाराम हमाल आणि आमच्या शिफ्टचे चौघे, असे रविवारी भिडलो. भिंती, खांब, तुळया, सगळं हिरवंगार! दारावर इंग्रजांच्या वेळचा एक दगड होता, बांधल्याचं साल कोरलेला. त्याची अक्षरं रंगातूनही दिसत होती, म्हणून त्याला मी स्वतः दोन हात जास्त मारले.

मास्तरांनाही वावगं वाटलं नाही. साहेब येण्याआधी रंग, ही तर रेल्वेची रीतच.

साहेब गाडीतून उतरले. हिरव्या इमारतीकडे बघत म्हणाले, “ही कुठल्या कंपनीची शेड?”

मास्तरांनी सखारामकडे बघितलं, सखारामने माझ्याकडे.

“बरं, असू दे. ते जुनं स्टेशन कुठे आहे?”

* * *

दादाला दवाखान्यात भेटायला गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे.

“आला व्हता का सायेब?”

“आला होता. खूश झाला.”

“मग ऱ्हातंय म्हन की स्टेशन?”

“राहतंय.”

तो माझा हात हातात घेऊन बघत राहिला. “नखात हिरवं काय रं?”

“मशीनचा रंग. कंपनीत लागला.”

“हात धूत जा जेवताना,” दादा म्हणाला. चार दिवसांनी गेला.

* * *

तेरावं झालं आणि हुकूम आला : राखण्यासारखं काही आढळलं नाही, दिवाळीनंतर इमारत पाडावी.

दुसऱ्याच दिवशी मी तारेचा ब्रश आणि पत्रा घेऊन स्टेशनवर गेलो आणि रंग खरवडायला बसलो. ऑइलपेंट तो, चुन्यासारखा थोडाच निघतोय! दुपारपर्यंत दाराशेजारचे चार दगड काळे झाले आणि माझे हात लाल. तेवढ्यात रेल्वे पोलिसातला एक नवा शिपाई आला. “सरकारी भिंत खरवडतोस?” मी त्याला नको ते बोललो. झालं, गुन्हा दाखल!

पंचनाम्याला मास्तर बसले. शिपाई लिहीत होता, “चार दगडांचा रंग गेला...”

मास्तर म्हणाले, “इमारत लिहा.”

“चार तर दगड आहेत, मास्तर.”

“ते चार दगड काय खिशात घालून नेणार कोर्टात? संपूर्ण दगडी इमारत लिहा. मुद्देमाल म्हणून.”

दिवाळीनंतर पाडणारी टोळी आली, पहारी-घण घेऊन. मास्तरांनी चष्मा लावला, कागद पुढे केला. “केस चालू आहे. निकाल लागेपर्यंत मुद्देमालाला हात लावता येत नाही.” टोळीच्या मुकादमाने कागद उलटा-सुलटा बघितला आणि टोळी चहा पिऊन परत गेली.

सखाराम म्हणाला, “राव, पहिल्यांदाच तुझ्या डोक्याचा उपयोग झाला. तोही ते फिरलं म्हणून!”

* * *

आता परवाची गोष्ट. पुण्याला कोर्टात पहिली तारीख. साक्षीदार म्हणून मास्तर आले होते, कडक इस्त्रीच्या गणवेशात. वकील मला बाहेरच म्हणाला, “कबूल हो म्हणायचं. किरकोळ दंड होईल, आजच्या आज केस संपेल.”

आजच्या आज केस संपेल, एवढंच माझ्या कानात राहिलं.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

वकिलाने मला कोपराने ढोसलं.

मी म्हणालो, “साहेब, घरातलं सगळं मोठा भाऊ बघतो. त्याला विचारून सांगतो.”

“मग भावाला आणायचं ना बरोबर. कुठे आहे तो?”

“ड्यूटीवर.”

साहेबांना ते खरं वाटलं नसावं. ते मास्तरांकडे वळले. “तुम्ही तिथले स्टेशनमास्तर ना? याचा भाऊ ड्यूटीवर आहे?”

मास्तरांनी टोपी काढली, हातात धरली, परत डोक्यावर घातली.

“हो साहेब. सकाळपाळी आहे त्याची,” मास्तर म्हणाले. “सुट्टी देता आली नाही.”

पुढची तारीख मिळाली.