शिदूमामांचं फाटक

गाडीचा पत्ता नसतानाच शिदूमामा फाटक लावून मोकळे व्हायचे. आमच्या नदीवर तेव्हा एकच लोखंडी पूल होता. आगगाडी त्याच्यावरून जायची आणि बैलगाड्या, म्हशी, माणसंही त्याच्यावरूनच. गाडीच्या वेळी अलीकडचं फाटक लावणं हे मामांचं काम. मी पलीकडच्या गावी मास्तर होतो. रोज सायकलवरून पूल ओलांडायचो. अडकलेले गाडीवान शिव्या घालत. मामा म्हणत, "गाडी मिरजेवरनं सुटली आसंल. बसा जरा."

बसलेल्यांना ते पुलाची हकिकत सांगत. त्यांचे वडील पूल बांधायच्या कामावर होते. "खिळं भट्टीत लाल करून वर फेकायचं. माझा बा वर डबा धरून झेलायचा. एक हातावर पडला, बोटं आखडली ती कायमची. पूल झाला तवा कोन चढंना. साहेब म्हनला, ज्यांनी बांधलाय त्यांनी फुडं व्हा. बा फुडं झाला."

एकदा शाळेत तपासणी होती आणि मी चिडलो. "मामा, धूरसुद्धा दिसत नाही. कशाला अडवता?"

त्यांनी मान खाली घातली. "बायकू गेली, मास्तर. पोरगं लढाईवर, पत्र यायचं थांबलंय. मानूस थांबलं तर दोन शब्द बोलतंय." एवढं बोलून त्यांनी फाटक उघडलं. दुसऱ्या दिवसापासून मी घरातून लवकर निघू लागलो.

लढाई संपली, मुलगा आला नाही. पुढं सरकारनं वरच्या अंगाला बैलगाड्या-माणसांसाठी वेगळा पूल बांधला आणि मामांच्या फाटकाला कुलूप पडलं. ते रुळांवर देखरेखीला राहिले.

"तुमी याल न्हवं हिकडनं?" त्यांनी विचारलं.

"येईन की," मी म्हणालो. दोनदा गेलो. मग गेलो नाही. कारण काही नव्हतं. नवा रस्ता जवळ पडत होता.

वर्षभरानं माझी तासगावला बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. मामांनी लगबगीनं पोतं अंथरलं, पाणी दिलं आणि समोर बसून राहिले. मीच इकडचं तिकडचं विचारत होतो. ते "व्हय", "न्हाई" एवढंच म्हणत. गाडी आली, गेली, पुलाची थरथर थांबली.

"बरं नाही का, मामा?"

"बरा हाय की." ते ओशाळं हसले. "बोलायची सवं ऱ्हायली न्हाई, मास्तर. तुमी बसा मातर."

मी ऊन कलेपर्यंत बसलो.