कमानीखालची दोन बोटं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. स्वतःची फजिती सांगताना समोरचा ठसका लागून खोकायला लागला की माझा सगळा क्रम चुकतो. घेतला चहा? ऐका मग.

आमचं गाव राजापूरजवळ. दरवर्षी गणपतीला आम्ही डोंबिवलीहून गाडीने जातो. गाडी पाच जणांची आणि माणसंही पाच. मी, बायको स्मिता, आमच्या दोन मुली आणि कल्याणची सुमनआत्या. माणसं बसतात हो, प्रश्न सामानाचा. मखर, समया, वाडीतल्या सगळ्यांसाठी घेतलेली मिठाई, आणि स्मिताची 'लागलंच तर असू दे' म्हणून भरलेली बॅग. डिकी भरते आणि मग सामान हळूहळू सीटवर येऊन बसतं.

गेल्या वर्षी ते आत्याच्या सीटवर बसलं. आत्या म्हणाली, "असू दे रे, मी येते एसटीने." आणि मी नालायक, हो म्हणालो.

आता आत्या काही भांडणारी बाई नाही. गावी पोचल्यावर ती पडवीत बसली आणि आरतीला येणाऱ्या प्रत्येकाला हसत हसत एवढंच सांगत राहिली, "सामान गाडीतून आलं, मी एसटीतून." मी मोदकांचं ताट घेऊन मागच्या दारी जाऊन बसलो. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी आत्या गाडीतून येणार आणि सामान छतावरून.

मग काय, अभ्यास सुरू झाला. रोज जेवण झालं की मी फोनवर परदेशातली गोरी माणसं गाडीच्या छतावर सामानाचा बॉक्स चढवताना बघत बसायचो. रॅकचे आडवे दांडे कुठले, बॉक्स एका बाजूने उघडणारा की दोन्ही, लांबट की रुंद. फार लांब घेतला तर डिकीचं दार उघडताना त्याला आपटतं, हे तुम्हाला माहीत होतं? मला होतं. मला सगळं माहीत होतं.

स्मिता म्हणाली, "ताडपत्री आणि दोरी घ्या. बाबांनी आयुष्यभर तेच केलं."

"ताडपत्रीला हवा अडते. बॉक्सचा आकार कसा निमुळता असतो, हवा कापत जातो."

"गणपतीच्या ट्रॅफिकमध्ये बैलगाडीच्या वेगाने जाणार आपण. हवा कशाला येतेय तुम्हाला अडवायला?"

मी परत फोनमध्ये डोकं घातलं. अडाण्यांशी काय वाद घालायचा, असं तेव्हा मला वाटलेलं.

रविवारी ठाण्याला, माजिवड्याच्या बॉक्सवाल्या दुकानात गेलो. सोबत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे आणि त्यांचे दोन मेव्हणे. म्हात्रे म्हणजे दारातून आत आले की खोलीतला उजेड कमी होतो असा माणूस. मेव्हणे त्यांच्याहून अंमळ जास्तच. बॉक्स उचलायला माणसं लागतील म्हणून मी त्यांना नेलेलं. प्रत्यक्षात दुकानातल्या पोरांनीच तो उचलला आणि ही तिघं वडापाव खाऊन गाडीत जाऊन बसली.

बॉक्स बसला. काळा, चकचकीत, बघत राहावा असा. आणि इथे माझी हुशारी बघा. आमच्या सोसायटीच्या गेटवर सिमेंटची कमान आहे. बाहेरचा रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला आणि कमान राहिली तिथेच, त्यामुळे ती ठेंगणी झालीये. मी तिची उंची स्टुलावर चढून मोजून आलेलो! दुकानाबाहेर टेप काढला आणि जमिनीपासून बॉक्सच्या टोकापर्यंत मोजलं. कमानीखालून दोन बोटं मोकळी राहत होती.

फक्त मोजताना ती तिघं गाडीत बसलेली होती. उतरा म्हणून कसं सांगणार? बिचारे रविवारची झोप सोडून आलेले.

येताना गाडी कमानीखालून अशी अलगद आत आली की म्हात्रे म्हणाले, "मापात काम केलास रे, संजय." मी दोन दिवस हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल भरायला एकटाच निघालो. गेटपाशी वरून आवाज आला. कर्रर्र. पाट्यावर खडा वाटावा तसा. उतरून बघतो तर बॉक्स कमानीला टेकलेला आणि कालपरवाची दोन बोटं गायब. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीन म्हात्रे उतरले आणि गाडी वर आली!

बॉक्स काढून ठेवायचा, एवढंच करायचं होतं. पण मग स्मिताला कळलं असतं. आणि ताडपत्री हा शब्द मी मरेपर्यंत ऐकला असता.

तेवढ्यात म्हात्रे फेरफटका मारायला आले.

"म्हात्रे, बसा ना. स्टेशनला सोडतो."

"मना स्टेशनला नाय जायचा."

"मग कुठे जायचंय?"

"दूध आणायला. ता काय समोर दुकान."

"समोर सोडतो."

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं, पण बसले. गाडी खाली दबली, कमानीखालून सुटली. मी त्यांना पेट्रोल पंपावर नेलं, दूध घेऊन दिलं आणि परत आत आणून सोडलं. कारण आत यायलाही तेच लागणार होते ना!

पण एकट्या म्हात्र्यांवर किती दिवस काढणार? मग मी तिसऱ्या मजल्यावरच्या दामलेकाकूंना भाजी मंडईत न्यायला लागलो. काकूंचा बांधा भक्कम. जिम चालवणाऱ्या सावंतला रोज जिमला सोडायला आणि परत आणायला लागलो. सगळे खूश. आणि एक दिवस लेले समोर आले. लेले रिटायर्ड, अंगाने अगदी उदबत्ती.

"संजयराव, कल्याणला निघालात? येऊ का?"

"जागा नाहीये हो, लेले."

लेल्यांनी खिडकीतून वाकून रिकामी गाडी नीट पाहिली. मग माझ्या शेजारी बसलेल्या सावंतकडे पाहिलं आणि चालायला लागले.

संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं की संजयला सेक्रेटरी व्हायचंय. माणसं हेरून हेरून फिरवतोय. दामलेकाकू स्मिताला जिन्यात म्हणाल्या, "आमचं मत तुमच्याच मिस्टरांना हो." म्हात्र्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "खुर्ची पायजे तर सरल मांग ना. मी आजच देतो. दुधाचा नाटक कशाला?" मी नाही म्हणालो, तर त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. स्मिता घरी म्हणाली, "आधी घरातला गळका नळ बघा, मग सोसायटी." मी मान खाली घालून नळ बघितला. खरं सांगण्यापेक्षा नळ परवडला.

निघायच्या आदल्या दिवशी आत्याला कल्याणहून गाडीने आणायचं होतं. नेमका कोणी वजनाचा माणूस सापडेना. मी तिला फोन करून ट्रॅफिक फार आहे म्हणून सांगितलं. आत्या रिक्षाने आली. आल्याबरोबर खाली जाऊन बॉक्सवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी घेतलास, संज्या?" डोळे भरलेले तिचे. मला फार बरं वाटलं, आणि मी तिला कमानीकडे बघू न देता वर नेलं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी निघालो. बॉक्स गच्च भरलेला, पाचही जण आत. माझा हिशेब असा, की पाच माणसं आणि वर सामान म्हणजे गाडी दबणारच. गाडी दबलीही. पण वर बॉक्सचं झाकणही फुगलेलं, आणि आमच्या घरात सगळीच हाडं. पाच जण मिळून दीड म्हात्रे होत नाहीत.

कर्रर्र.

"काय झालं?" स्मिता म्हणाली.

"काही नाही. एक मिनिट, म्हात्र्यांना बोलावतो."

म्हात्रे नव्हते. त्यांचाही गणपती, ते आधीच गावच्या घरी गेलेले. सावंत साताऱ्याला. दामलेकाकू लेकीकडे पुण्याला. सणाच्या तोंडावर अख्ख्या इमारतीत एक भरीव माणूस शिल्लक नव्हता! गेटपाशी फक्त लेले उभे, हातात फुलांची पुडी घेऊन. मग मला सगळं सांगावंच लागलं. तीन म्हात्रे, दोन बोटं, दूध, मंडई, सगळं. स्मिताने कपाळाला हात लावला.

लेले मात्र मोठ्या मनाचे निघाले. "मी बसतो ना," म्हणाले. "आज तरी जागा आहे का?"

बसले, मुलींच्या मांडीवर जवळजवळ. गाडीला ते बसल्याचं कळलंसुद्धा नाही.

"टायरची हवा थोडी काढली तर?" लेल्यांनी सुचवलं.

"गाडीची की यांची?" स्मिता म्हणाली.

शेवटी गाडी मागे घेतली आणि बॉक्स उतरवला. लेल्यांच्या पार्किंगमध्ये ठेवला. रिकामा असूनही तो तिथे ऐटीत पडलेला. सामान परत खाली आलं. मखर डिकीत, समया पायाशी, मिठाई मांडीवर. आणि स्मिताची बॅग, गेल्या वर्षीसारखीच, मागच्या सीटवर. एक जागा कमी पडली.

आत्याने आपली पिशवी उचलली आणि गाडीतून एक पाय खाली टाकला. तिला सवयच झालेली. तो पाय बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, तू बस," मी गाडीतून उतरत म्हणालो.

"अरे, मग गाडी कोण चालवेल?"

स्मिताने खिडकीतून हात बाहेर काढला. "किल्ली द्या."

गाडी कमानीखालून निघून गेली. वर हात-दीड हात मोकळं. पुढच्या सीटवर आत्या बसलेली, पदर नीट करून. लेले म्हणाले, "चला संजयराव, डेपोपर्यंत मी येतो सोबत. चालतच जाऊ, जागेचा प्रश्न नाही."

रात्री गावी पोचलो तेव्हा आरती संपत आलेली. अंग आंबलेलं, शर्टाला कुणाच्या तरी माशांचा वास. पडवीत बसलेल्या काकांनी विचारलं, "काय रे, गाडी तर दुपारीच आली. तू कसा आलास?"

आत्या माझ्याकडे बघून हसत होती. सांगायचा मान तिने मलाच दिला.

मी म्हणालो, "सामान गाडीतून आलं. मी एसटीतून."