वकिलाचा स्वतःचा अर्ज

बस डेपोच्या स्टोअरमध्ये टायर आणि नटबोल्ट सांभाळणाऱ्या या माणसाने कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, तरी सगळे त्याला वकील म्हणत. कारण बदलीचा अर्ज लिहावा तर त्यानेच. ज्याला म्हणून घराजवळ जायचं असे, तो ड्रायव्हर नाहीतर कंडक्टर त्याच्या काउंटरशी येऊन घुटमळे.

"आई आहे का?" वकील विचारी.

"आहे, पण चांगली ठणठणीत आहे."

"असू दे. आजारी पाडू."

आणि पाडी. तो अर्ज वाचून दगडालाही पाझर फुटावा. त्यातलं हुकमी वाक्य एकच: 'आई दाराकडे डोळे लावून पडून असते आणि कुणाचंही पाऊल वाजलं की मला हाक मारते.' या वाक्याच्या जोरावर सतरा जण आपापल्या घरी पोचले. लोकांच्या धडधाकट आया अशा अंथरुणाला खिळवायची हौस काही बरी नव्हे. पण तेव्हा सगळ्यांनाच हसू येई, वकिलाला सगळ्यात जास्त.

मग त्याच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. घर डेपोपासून बारा तासांवर. उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यातच जमा. एखादाच शब्द कसाबसा फुटे. लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली, आणि ती पुस्तकं मिटून आईच्या उशाशी बसली. वकील घरी गेला तरच ती परीक्षेला बसू शकणार होती. एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, आई सारखी दाराकडे बघते. कुणी जिना चढलं तरी तुम्हीच आलात असं वाटतं तिला. हाक मारायला बघते."

वकिलाने फोन ठेवला आणि कोरा कागद पुढे ओढला.

त्याने अर्ज लिहिला. ते वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. खरं होतं, तर का लिहू नये?

बदल्यांचं काम बघायला आलेल्या नव्या मॅडमनी अर्ज वाचला आणि कपाटातून जाडजूड फाइल काढली. "हे वाक्य मी अठराव्यांदा वाचतेय. मागे एकाच्या घरी चौकशीला गेले होते. अंथरुणाला खिळलेल्या आईने स्वतः चहा करून दिला मला."

"मॅडम, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय."

"त्या सतरा जणांनीही जोडलं होतं."

बाई दुष्ट नव्हत्या. त्यांनी अर्ज बाजूला सारला, खुर्ची दाखवली. "कागद राहू द्या. तुमच्या तोंडाने सांगा."

वकील बसला. "मॅडम, माझ्या पत्नीची अवस्था शब्दांत सांगण्यापलीकडची असून..." म्हणाला आणि थबकला. पुन्हा सुरुवात केली. "आपण सहानुभूतीपूर्वक विचार करून..." छे! साधं बोलू म्हणून म्हणाला, "ती वाट बघते हो." तेही दहाव्या नाहीतर बाराव्या अर्जात लिहून झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होता, आणि ते त्याचं त्यालाच पटेना. मॅडमनी अर्ज पुन्हा पुढे ओढला आणि शेरा मारला: नामंजूर. पुन्हा अर्ज करायचा तर दोन वर्षांनी.

जेवणाच्या सुट्टीत त्याने घरी फोन लावला. लेकीने तो आईच्या कानाशी धरला.

"कधी?" बायकोने विचारलं. तेवढा एक शब्द जुळवायलाही तिला किती वेळ लागला.

वकील बोलत सुटला. वरचे लोक अनुकूल आहेत, फाइल हलली आहे, थोडी कळ काढ, तू तर हिमतीची आहेस. बोलून बोलून दमला, तेव्हा पलीकडून लेकीचा आवाज आला.

"बाबा, आईने केव्हाच भिंतीकडे तोंड फिरवलंय. मीच ऐकतेय मघापासून."

वकिलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही येत नाही, एवढंच ना?" तिने विचारलं.

"हो," वकील म्हणाला.