मुंगी कुणी सांगितली?

शेवंताबाईंच्या मुलाचा फोन आला. ‘‘गुरुजी, आई पहाटं गेली. शेवटी लई त्रास झाला तिला.’’ अशा वेळी माणसं ‘शांतपणे गेली’ असं सांगतात. हा तसं म्हणाला नाही... आईचाच मुलगा. त्याला आता तीन आठवडे होऊन गेले.

कोळवणच्या खोऱ्यात मी शाळामास्तर आणि शेवंताबाई आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. ठेंगणी मूर्ती, तोंड फटकळ. सरपंच असो की डॉक्टर, झापताना भेदभाव नाही. मला त्यांची भीती वाटायची, हे आज कबूल करायला हरकत नाही. मुलांना करोनाची लस द्यायची ठरली, तेव्हा शाळेत रांग लावून मी प्रत्येकाला सांगत सुटलो, काही नाही रे, मुंगी चावल्यासारखं वाटेल. रांग भराभर सरकली आणि मी स्वतःवर खूश. त्याच रात्री घरोघर दंड सुजले, अंगं तापली. महिन्याने दुसरा डोस आला तर निम्मी रांग गायब. तुळसाही नव्हती. वरच्या वाडीतली सातवीतली पोर. दर थंडीत तिची छाती भरायची, धाप लागायची. करोना झाला तर तिला झेपायचा नाही, या काळजीने बाईंना चैन पडेना.

लशीचा गार डबा खांद्याला लावून त्या चढाला लागल्या; मलाही बरोबर घेतलं. तुळसा पेंढ्याच्या गंजीमागे दडली होती. आई तिला ओढून आणायला निघाली, तर बाईंनी अडवलं. स्वतःच गंजीपाशी बसल्या आणि मागच्या खेपेला काय काय दुखलं, ते सगळं तिच्याकडून ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

‘‘मुंगी कुनी सांगितली हिला?’’

‘‘मी.’’

‘‘मग माफी मागा.’’

एवढ्याशा पोरीची मी माफी मागितली. कान तापले होते माझे. बाई तिला म्हणाल्या, ‘‘दुखंल. ताप बी यील. पर तुजी छाती कच्ची हाय, म्हनून ह्ये घ्यायचं. म्होट्यानं धा मोज.’’ तुळसाने दंड पुढे केला. सातवर आवाज कापला, पण दहा पुरे केले. उतरताना बाई एवढंच म्हणाल्या, की एकदा खोटं बोललं की दुसऱ्या डोसाला दार उघडत नाही. मग राहिलेल्या घरोघरी मला नेलं आणि प्रत्येक दारात माफी मागायला लावली. एक पोर सुटलं नाही.

बावधनच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटलो. अंगात काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, बाई, पुढच्या महिन्यात घरी याल. त्यांनी डोळे उघडले.

‘‘गुरुजी... मुंगी व्हय?’’

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दुखतंय का, विचारलं. ‘‘लई,’’ म्हणाल्या. मी हात धरून बसून राहिलो. इतकं खरं मी आयुष्यात फार थोड्यांशी बोललो आहे.

परवा शाळेत धनुर्वाताची इंजेक्शनं होती. नव्या सिस्टर प्रेमाने म्हणाल्या, मुंगी चावेल हं! पाचवीतल्या एका मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही बाळ, दुखेल. चल, दहा मोजू. दोघं मोजायला लागलो. सातवर माझाच आवाज अडकला... पुढचे तीन तिने एकटीने मोजले.