डावा डोळा आणि अनोळखी नंबर

गेल्या वर्षीपर्यंत आमच्या घरी नको ते फोन यायचे आणि मला ते हवे असायचे, हे आधीच कबूल करतो. पेणमध्ये आमचा गणपतीचा छोटा कारखाना घरातच आहे. रंगकाम मी बघतो, डोळ्यांची आखणी बायको करते. दिवसभर रंगात हात घालून बसलेल्या माणसाला करमणूक कसली? विमा विकणारी बाई फोनवर आली की मी नव्वद वर्षांचा म्हातारा व्हायचो. फार्महाऊसच्या प्लॉटवाल्याला विचारायचो, "त्यात भूत आधीपासून आहे, की आम्ही आणायचं?" एकाशी तर मी स्मशानाचा व्यवस्थापक म्हणून चांगला अर्धा तास बोललो.

त्याच अर्ध्या तासात आत आखणी चालू होती आणि एका मूर्तीचं बुबुळ गालाकडे ओघळलं. आखणीच्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम. तो मीच मोडला होता, पण दोष फोनच्या घंटीला दिला आणि रोह्याच्या भाचीला गाठलं.

"मामा, घंटीचं काय घेऊन बसलात? तुम्ही गप्पा मारता म्हणून ते परत परत करतात," ती म्हणाली. तिने माझ्याच फोनवरून डीएनडीची नोंदणी करवून घेतली, सगळ्या जाहिराती बंद. वर दम भरला, "लागू व्हायला काही दिवस जातील. तोवर अनोळखी फोन आला तर उचला, पण आधी तुम्ही बोलू नका. मशीनचा असेल तर आपोआप कटेल. माणूस असेल आणि विकायला लागला तर ठेवून द्या. नाटक नाय करायचं!"

फोन खरंच कमी झाले. मला जरा उदास वाटलं, पण ते असो.

चतुर्थी दोन दिवसांवर आली. रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती तेवढी राहिली होती, तिचा उजवा डोळा झाला होता, डावा बाकी. दुपारी टेम्पो येणार होता. त्या दिवसांत टेम्पो एकदा हुकला की दुसरा मिळत नाही. नवा ड्रायव्हर स्वतःच्या फोनवरून बोलणार, एवढंच मालकाने सांगितलेलं. नंबर विचारायचं मी विसरलो. म्हणजे फोन बंद करण्याची सोय नाही.

माझ्या डाव्या हातात दिवा होता, तो तसूभर हलला तर सावली पडायची. उजव्या हातात फोन. बायकोचा कुंचला पापणीच्या वळणावर टेकला आणि फोन थरथरला. अनोळखी नंबर. मी अंगठ्याने उचलला, स्पीकर लावला, गप्प.

पलीकडेही गप्प.

"हॅलो? गणपतीवाले का?"

मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"ओ, टेम्पोवाला बोलतोय. नाक्यावर हाय. कंच्या गल्लीत येऊ?"

कुंचला अर्ध्या पापणीवर होता. घामाचा थेंब माझ्या नाकावरून ओठावर आला.

"बोला की! कोन नाय बोलत. मी चाललो मग, दुसरी मूर्ती थांबलीय माझी."

"अहो, बोला त्याच्याशी!" बायको म्हणाली. नजर मूर्तीवरच.

मी भुवयांनी डोळ्याकडे खूण केली.

"आवाजानं नाय हलत माझा हात. तुमच्या नाटकानं हलतो! तो स्मशानवाला ऐकून हसू फुटलं मला, म्हणून गेलं ते बुबुळ. आता सरळ बोला."

वडिलांपासूनचा नियम असा एका वाक्यात गेला. चकित व्हायला मात्र वेळ नव्हता.

"थांबा, थांबा," मी म्हणालो. "देवळाच्या मागची गल्ली. टेम्पो आत येत नाय, तोंडाशीच लावा."

"कवापासून बोंबलतोय मी! मुके हाय काय?"

जिभेवर चार झकास उत्तरं आली. चारही गिळली.

"व्हय," मी म्हणालो. "या लवकर."

बायकोच्या खांद्यांना जरासा हिसका बसला. मी दिवा आणखी घट्ट धरला. तिने ओठ दाबले, हात मात्र सरकत राहिला, पापणीच्या टोकाला पोचला आणि सुटला.

"झाला," ती म्हणाली, आणि मग पोट धरून हसली.

चेहऱ्यावर फडकं बांधून मूर्ती टेम्पोत चढवली. कोलाडवरून वळून संध्याकाळी ती रोह्याला पोचली, तसा मंडळाचा फोन आला. "फडकं काढलं, नि आमची म्हातारी दोन पावलं मागं सरली. म्हणते, बघतोय गो माझ्याकडं!"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला.

"कोणत्या डोळ्यानं?"

"दोन्हींनी," पलीकडून उत्तर आलं.