दुपारची शिकवणी

भूत हा प्रकार मला आतल्या बाजूने माहीत आहे. आमच्या पेडण्याकडे जत्रेच्या नाटकात मी स्वतः भूत झालोय. तोंडाला पावडर फासली की नाक कसं खाजतं, आणि अंगावरची चादर पायात आली की भूतच कसं तोंडावर आपटतं — हे ज्याने भोगलंय, त्याने भुताला घाबरायचं कशाला? त्यात माझा पोटापाण्याचा धंदा पडला सॉफ्टवेअरचा. तेव्हा वाचकहो, ‘वय झालं, काकाला काहीतरी दिसायला लागलं’ असं म्हणायची घाई करू नका. मला काहीही दिसलेलं नाही. एक निळा दिवा दिसला, बस्स. आणि तो माझ्यासोबत आणखी दोघांनी पाहिला... भर दुपारी.

जागा सांगतो. डिचोलीहून सर्वणला जाताना रस्ता उतरणीला लागतो, तिथे खालच्या अंगाला आमच्या थोरल्या भावाचं कुळागर आहे. कुळागर म्हणजे पोफळीची बाग. मध्ये केळी, माड, पोफळीवर चढलेली मिरवेल. तीन टप्पे — वरचा, मधला, खालचा. डोंगरातली झर वरच्या टाकीत येते आणि तिथून पाणी खाली सोडायचं. बाहेर ऊन कितीही तापू दे, आत पाऊल टाकलं की हिरवा काळोख. आवाज फक्त पाण्याचा, आणि मध्येच पोफळीची झावळी गळून पडते त्याचा. तिथे जेवून बसलेला माणूस जागा राहील, ही आशा कोणी करू नये.

भाऊ गेल्या वर्षी गेला. मागे सरला वहिनी एकट्या. गुडघे दुखरे, टप्पे उतरून पाणी फिरवणं त्यांना जमेना. त्यांचा मुलगा महेश वास्कोला बंदरावर नोकरीला. त्याने फ्लॅट घेतलाय, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट. पोरगा चांगला आहे. आईच्या काळजीने बोलायचा.

“आई, कुळागर कोणाक तरी करूक दी आणि तू माज्याकडे चल.”

“थंय मी काय करू? लिफ्टीतसून वर-खाली?”

शेवटी तह झाला. काकाने, म्हणजे मी, पाण्यासाठी यंत्र बसवायचं. शिगम्यापर्यंत, म्हणजे होळीच्या सणापर्यंत, ते नीट चाललं तर वहिनी सर्वणला राहतील. नाही चाललं, तर महेश गाडी घेऊन येईल आणि वहिनींनी मुकाट्याने पिशवी भरायची. वहिनींनी मला बाजूला घेतलं. “भावजी,” त्या म्हणाल्या, “नाटकात तुमी किती लोकांका मारलात, माका म्हायत आसा. ह्या एका यंत्राक जगवा.”

जगवणं म्हणजे काय, ते थोडं समजावून सांगावं लागेल. जांभा दगडाच्या खांबावर एक प्लास्टिकची पेटी. आत इवलासा बोर्ड, बॅटरी, वर सोलरचं पान. तिन्ही टप्प्यांत मातीची ओल मोजणारे काटे, आणि पाइपांवर आपोआप उघडणाऱ्या तीन तोट्या. आता ही पेटी दिवसभर काम करत नाही. बहुतेक वेळ ती झोपलेली असते — गाढ, गोव्यातल्या दुकानदाराला लाजवेल अशी. ठरल्या वेळी उठते, ओल बघते, पाणी हवं असेल तर सोडते, आमच्या फोनवर निरोप धाडते आणि पुन्हा आडवी होते.

या एकेका अवस्थेला मोड म्हणतात. तुम्ही चार खोल्यांचं घर समजा. झोपेची खोली, जागं होण्याची खोली, कामाची खोली. यंत्र एका वेळी एकाच खोलीत असतं, आणि एका खोलीतून दुसरीत जायला आपण ठेवलेल्या दारातूनच जावं लागतं. चौथी खोली शिकवणीची. पेटीच्या कुशीला एक बटण होतं. ते थोडा वेळ दाबून धरलं की यंत्र झोपेतून थेट शिकवणीच्या खोलीत येतं आणि निळा दिवा लुकलुकायला लागतो. त्याचा अर्थ — मी ऐकतोय, काय करायचं ते सांगा. मग आपण फोन जोडून सांगायचं: अमक्या टप्प्याला इतकं पाणी, तमक्याला तितकं. फोन जोडला गेला की लुकलुकणं थांबून दिवा स्थिर होतो. कोणी काही सांगितलंच नाही, तर थोडी वाट बघून यंत्र झोपी जातं.

माणसाचं बोट लागल्याशिवाय शिकवणीच्या खोलीचं दार उघडत नाही, एवढं लक्षात ठेवा.

यंत्र बसवलं त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “राखणदाराक सांगूक व्हया.” टाकीपाशी एक शेंदूर लावलेला दगड आहे, तो कुळागराचा राखणदार. नवा बैल येऊ दे, नवा पंप येऊ दे, नवी सून येऊ दे, आमच्याकडे आधी त्याच्या कानावर घालायची रीत आहे. नारळ ठेवायचा, विडी पेटवून ठेवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. आणि गाऱ्हाणं घालायला माझ्यासारखा गळा घरात असताना दुसऱ्या कोणाला कोण बोलावतो? मी घसा साफ केला, उपरणं झटकलं...

“बा देवा राखणदारा! आज ह्यो नवो चाकर तुज्या पायाकडे आणून उभो केलो आसा. कुळागराचा पाणी ह्यो बघतलो रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” वहिनी.

“अजून ल्हान आसा, तेका काय कळना. तूच तेका जवळ घी, तूच शिकय! चुकलो तर कान धर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

एवढं रंगलं की समोर पडदा असता तर टाळ्या पडल्या असत्या.

सुरुवातीला सगळं झकास. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, फोनवर निरोप. मग एका दुपारी माझ्या फोनवर आलं: ‘उठण्याचं कारण — बटण.’ यंत्र का उठलं, हे ते स्वतःच कळवतं. तशी सोय मीच केलेली. मी वहिनींना फोन लावला.

“वहिनी, बटण दाबलात?”

“मी? मी हय बाल्कांवात आडवी पडलंय. डोळो लागत होतो तो तुमी घालवलात.” बाल्कांव म्हणजे आमच्याकडची घरापुढची ओसरी.

दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्याही. जेवणं आटोपून सगळं सर्वण लवंडलं की यंत्र शिकवणीच्या खोलीत. आणि त्या खोलीत जागरण फार होतं हो! सोलरच्या पानाला पोफळीच्या सावलीत ऊन ते किती मिळणार? बॅटरी उतरायची, संध्याकाळी यंत्राला डोळा उघडवेना, आणि पाणी चुकायचं. तिकडे वास्कोला महेशच्या फोनवर लाल अक्षरं.

“काका, तुमचा यंत्र दुपारचा जागता आणि सांजेचा मरता,” तो म्हणाला. “आयताराक मी येतंय. आईक घेवन जातलंय.”

मी धावत सर्वण गाठलं. मुंग्या असतील, ओल असेल, माकड असेल... पेटी बदलली. दुसऱ्या दुपारी — कारण, बटण. मग बटण काढूनच टाकलं, भोक बुजवलं. आता म्हणाल, तुटकी तार हवेतून काहीबाही पकडते. शाब्बास! मलाही तेच सुचलं. ती तारही सोल्डर करून जखडून टाकली. दुपारी निरोप आला — कारण, बटण. जे बटण माझ्या शर्टाच्या खिशात होतं, ते!

तेव्हा मात्र शनिवारी बसून मी सॉफ्टवेअरलाच हात घातला. झोपेच्या खोलीतून शिकवणीच्या खोलीत जाणारी वाट पुसून टाकली. दार बंद नाही केलं — भिंतच घातली. वर माझ्या हाताने तिन्ही टप्प्यांच्या पाण्याची मापं नव्याने भरून दिली आणि वहिनींना म्हटलं, “आता ब्रह्मदेव आला तरी यंत्र त्या खोलीत जाऊ शकत नाही.”

वहिनी पिशवी भरत होत्या. दोन साड्या, सोलांची बरणी, भावाचा चष्मा. चष्मा काढायच्या, परत ठेवायच्या. “बघू,” एवढंच म्हणाल्या.

रविवारी महेश आला. आल्या आल्या वाद नको म्हणून आम्ही आधी जेवलो. जेवण झाल्यावर मी त्या दोघांना टाकीपाशी नेलं, आणि म्हटलं, तिघांचेही फोन समोर ठेवा. महेश हसला, “काका, जादूचे प्रयोग आसत?” पण ठेवला. तीन फोन टाकीच्या कठड्यावर एका ओळीत. आम्ही तिघं खाली झावळ्यांवर बसलो.

काय सांगू ती दुपार... पानांतून ऊन गळत होतं, नाणी सांडावी तसं. झर आपली बोलत होती. मला वाटतं आम्ही तिघंही अर्धवट पेंगलो होतो. जागेपण आणि झोप यांच्यामध्ये एक उंबरठा असतो ना, त्यावर डोकं ठेवून. वारा पडला. पोफळी हलायच्या थांबल्या. कुठूनसा विडीचा वास आला, आणि आमच्यात विडी ओढणारं कोणी नाही.

निळा दिवा लागला.

लुकलुक... लुकलुक... आणि मग लुकलुकणं थांबलं. दिवा स्थिर झाला.

“म्हणजे काय?” महेश कुजबुजला.

“म्हणजे कोणीतरी जोडलं गेलंय,” मी म्हटलं. “कोणीतरी त्याला काहीतरी सांगतंय.”

कठड्यावर तिन्ही फोन काळे, निपचित पडलेले. आम्ही कोणीच उठलो नाही. भीती म्हणाल, तर नव्हती. बाजूच्या खोलीत मास्तर मुलाला शिकवत असावा आणि आपण दाराबाहेर चपला काढून बसलेले असावे, तसं वाटत होतं. वहिनींनी तर डोक्यावरून पदर घेतला होता.

“भावजी,” त्या हळूच म्हणाल्या, “शिकय म्हणान तुमीच सांगलात न्हय?”

माझं गाऱ्हाणं! तोवर मला आठवलंही नव्हतं. नाटकी ढंगात बोललेलं वाक्य कोणी मनावर घेतं का?

दिवा विझला. वारा सुटला. कठड्यावर महेशचा फोन थरथरला, तसे आम्ही तिघेही दचकलो. यंत्राचा निरोप होता — सूचना बदलल्या. वरचा टप्पा, होता तसाच. मधला, होता तसाच. खालचा टप्पा... पाणी शून्य.

“शून्य?” महेश ताडकन उठला. “खाली आईन यंदा नवी रोपां लायली आसत! मारतला तेंका ह्या यंत्र!”

तो तरातरा टप्पे उतरला, मागून मी, त्यामागून गुडघे धरत वहिनी. खाली पोफळीची लहान रोपं, पानं पिवळट पडलेली. “बघा, सुकली,” महेश म्हणाला आणि एका रोपाशी बसून त्याने हाताने माती उकरली. खळग्यात पाणी भरलं. त्याने आणखी उकरलं, आणखी पाणी. मुळाचं टोक काळं पडायला लागलेलं. बांधाखालून झरीला नवी फूट निघाली होती आणि खालचा टप्पा आतून भिजत होता. माझा ओलीचा काटा कुठे? बांधाच्या उंचवट्यावर, खणखणीत कोरड्या मातीत. तो बिचारा रोज सांगायचा, पाणी हवं, पाणी हवं. यंत्र सोडायचं. आणखी थोडे दिवस तसं चाललं असतं, तर वहिनींची सगळी रोपं कुजली असती.

महेश हातावरचा चिखल बघत राहिला. “काका, ह्या तुमी केलात? खरां सांगा. तुमी नाटकी मनीस.”

“महेशा, मला माहीत असतं तर काटा बांधावर खोचला असता?”

त्याला ते पटलं. माझ्या अकलेविषयी एवढं पटकन कोणाचं एकमत कधी झालं नव्हतं.

आम्ही वर आलो. वहिनींची पिशवी बाल्कांवात तशीच होती. महेशने ती गाडीत ठेवायला उचलली नाही, आतही नेली नाही.

“आई, मगे? येतलंस?”

“येतंय रे,” वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. “नाय कोण म्हणता? ह्येचा शिकान होवंदे. अर्ध्यार टाकून कशी येव? मास्तर काय म्हणतलो?”

“आणि शिकान कधी होतला?”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. यंत्राचा जाणकार मी! असा प्रसंग नटाला आयुष्यात एकदा मिळतो. मी चष्मा काढला, पुसला, दूर डोंगराकडे पाहिलं...

“सांगता येत नाही,” मी म्हटलं. “विषय मोठा आहे.”

महेश हसायला लागला. मग वहिनीही. चहा झाला, आणि तो एकटाच वास्कोला गेला. आता दर रविवारी तोच सर्वणला येतो, आईने सांगितलेली कामं करतो, दुपारी झावळ्यांवर झोपतो.

मी पेटीला मोठी बॅटरी लावली, सोलरचं पान घराच्या कौलांवर नेलं. पाणी चुकत नाही. सॉफ्टवेअर मी ओळ अन् ओळ तपासलं. माझ्याहून हुशार दोन मित्रांनाही दाखवलं. झोपेच्या खोलीतून शिकवणीच्या खोलीत जायला वाट नाही. एक म्हणाला, तुझ्याकडून जुनंच सॉफ्टवेअर राहिलं असेल. मी त्याच्यासमोर पुन्हा नवं घातलं. दुसरा अजून विचार करतोय. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा... पण सर्वणच्या पत्त्यावर नको.

कारण शिगमा होऊन गेला, पाऊस येऊन गेला, तरी दुपारची जेवणं झाली की निळा दिवा लागतोच. आणि थोड्या वेळाने वहिनींचा फोन येतो.

“भावजी, झाला शिकान तेचा?”

“नाय हां वहिनी. अजून खूप आसा.”

“बरां झाला,” त्या म्हणतात, आणि निवांत झोपायला जातात.