पहिली धार

आज दवाखान्यात बाळाला घेऊन आलेल्या बाईच्या पदराला फवारणीचा उग्र वास होता, आणि मला एकदम घाटंजीजवळचं एक वावर आठवलं.

कपाशीवरच्या विषारी फवारणीचे ते वाईट दिवस होते. बाळाला अंगावर कसं पाजायचं हे आयांना समजावण्याचं प्रशिक्षण मी नुकतंच घेतलं होतं. त्या वावरात मजुरीला आलेल्या सुनंदाचं बाळ निंबाखालच्या झोळीत रडून लाल झालं होतं. फवारणीवाल्यांना पाणी देणं सोडून ती धावत आली, हात धुतले आणि दुधाची पहिली धार मातीत पिळून टाकली.

"काहून टाकून राह्यली वं?" मी विचारलं.

"तापलं दूध हाय ताई. उन्हातून आलं का पयली धार टाकाच लागते."

"दूध अंगात तापत नाही, सुनंदा," मी शिकलेलं बोलून दाखवलं.

तिनं आपली बाही माझ्या नाकाशी धरली. "मंग हा वास लेकराच्या पोटात जात नाही काय? सांगा बरं."

प्रशिक्षणात उन्हाचं सांगितलं होतं, फवाऱ्याचं कोणी बोललंच नव्हतं. बाळ गटगट पिऊ लागलं तरी ती माझ्याकडेच बघत होती.

आता लोक मला या कामातली तज्ज्ञ म्हणतात. आजच्या बाईला मी ठाम आवाजात सांगितलं, अंग धू, कपडे बदल आणि बिनधास्त पाज. तिनं मोरीत जाऊन अंग धुतलं, पिशवीतलं दुसरं लुगडं नेसलं. मग बाळाला पदराखाली घेता घेता ती थांबली आणि पहिली धार टाकू का, असं विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.